गोष्ट हरवली, पण नेम मोडला नाही

मिसर देशातल्या एका रात्रीसाठी दिलेली आज्ञा कोकणातल्या तेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. ती कशासाठी पाळायची, हे मात्र त्यांना कुणालाच सांगता येत नव्हतं!

चंदीगडमध्ये मंदिरं आहेत, गुरुद्वारे आहेत, मशिदी आणि चर्चही आहेत. ज्यूंचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, तेवढं नाही. तरीही नोव्हेंबर १९९९ ते मे २००३ या काळात या शहराचा कारभार एका ज्यू माणसाच्या हाती होता. पंजाबचे राज्यपाल आणि चंदीगडचे प्रशासक लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली, त्या शरणागतीची बोलणी करणारे हेच ते जेकब. मूळचे कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले.

चंदीगडहून सिनेगॉग शोधायला निघालं, तर अडीचशे किलोमीटरवर दिल्ली गाठावी लागते. तिथं हुमायून रोडवर १९५६ साली उभं राहिलेलं ज्युडा हायम सिनेगॉग आहे. २०१६च्या जानेवारीत जनरल जेकब वारले, तेव्हा त्यांचा दफनविधी तिथल्याच ज्यू दफनभूमीत झाला. आता गंमत पाहा. दिल्लीच्या या सिनेगॉगची धुरा वर्षानुवर्षं सांभाळणारे एझेकिएल आयझॅक मलेकर हे अस्सल मराठी आडनावाचे, बेने इस्रायल समाजातले. म्हणजे चंदीगडहून काढलेला माग दिल्लीवरून वळतो आणि थेट अलिबाग, पेण, रोह्याला येऊन थांबतो!

या बेने इस्रायल मंडळींचा वर्षातला मोठा सण म्हणजे पेसाह. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हटलं आहे. शब्द परका वाटतो खरा, पण तो आपलाच. ओलांडणे, खेड्यातल्या बोलीत वलांडणे, यावरून आलेला. मृत्यूनं ज्या घरांचा उंबरठा न शिवता ओलांडला, त्या घरांचा हा सण. निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीच्या संध्याकाळी तो सुरू होतो. हा महिना धर्मशास्त्राप्रमाणे वर्षातला पहिला, आपल्या चैत्रासारखा. त्यामुळं बहुतेक वर्षी एकीकडे हनुमान जयंतीचा सुंठवडा वाटला जात असतो, आणि त्याच सुमाराला इस्रायल आळीत पेसाहची तयारी चाललेली असते.

चार दिवस दारात कोकरू

या सणामागची गोष्ट बायबलच्या ‘निर्गम’ नावाच्या ग्रंथात आहे. इस्रायल लोक मिसरमध्ये गुलाम होते. फारो राजा त्यांच्याकडून विटा पाडून घेई, शहरं बांधून घेई. त्यांची संख्या वाढू लागली तशी राजाला धास्ती वाटली, आणि त्यानं सुइणींना हुकूम केला की मुलगा जन्मला तर मारून टाका. शिप्रा आणि पुवा अशी त्या सुइणींची नावं. त्यांनी मुलं मारली नाहीत. राजानं जाब विचारला, तेव्हा या बायका फार धट्ट्याकट्ट्या आहेत, आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात, असं धडधडीत सांगून त्या मोकळ्या झाल्या! आज्ञापालनाची थोरवी सांगणारी ही कथा दोन साध्या बायकांनी राजाची आज्ञा मोडण्यापासून सुरू होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

पुढं मोशे आला. त्यानं फारोकडे आपल्या लोकांची सुटका मागितली. फारो बधेना. मग मिसरवर एकामागून एक नऊ पीडा आल्या. पाण्याचं रक्त झालं, बेडूक झाले, टोळ आले, तीन दिवस अंधार पडला. फारो कबूल होई आणि शब्द फिरवी. दहावी पीडा सर्वांत भयंकर होती. एका रात्री मिसरमधल्या प्रत्येक घरातला थोरला मुलगा मरणार होता, राजवाड्यातला आणि जात्यावर बसलेल्या दासीचासुद्धा.

त्या रात्रीसाठी इस्रायल लोकांना ज्या आज्ञा मिळाल्या, त्या नीट वाचल्या तर नवल वाटतं. दहाव्या तिथीला प्रत्येक कुटुंबानं एक वर्षाचा, निर्दोष नर निवडायचा, मेंढा किंवा बोकड. कुटुंब लहान असेल तर शेजाऱ्याला वाटेकरी करून घ्यायचं. चौदाव्या तिथीपर्यंत तो सांभाळायचा. संध्याकाळी कापायचा आणि त्याचं रक्त एजोबाच्या जुडीनं दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या पट्टीला लावायचं. मांस भाजूनच खायचं, सोबत बेखमीर भाकर आणि कडू भाजी. तेही कसं? कंबर कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन. सकाळ होईपर्यंत कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मिसरी लोकांना मेंढराचा बळी देणं किळसवाणं वाटे, तसं केलं तर ते आपल्याला दगडमार करतील, असं खुद्द मोशेनंच फारोला आधी सांगितलेलं आहे. अशा मुलखात गुलामांनी चार चार दिवस दारात कोकरू बांधून ठेवायचं! शेजारपाजाऱ्यांनी विचारलं असेलच, हे कशाला? गुपचूप मनात श्रद्धा ठेवण्याची सोय या गोष्टीत नाही. ज्याचा विश्वास होता पण ज्यानं चौकटीला रक्त लावलं नाही, अशा माणसाला या कथेत जागाच नाही. विश्वास होता की नव्हता ते दारावर दिसणार होतं.

आणखी एक गोष्ट. सुटका अजून झालेली नव्हती. फारो अजून गादीवर होता, विटांच्या भट्ट्या चालू होत्या. अशा वेळी लोकांना सांगितलं गेलं की हा दिवस तुम्ही आणि तुमच्या पुढच्या पिढ्यांनी कायम सण म्हणून पाळायचा. म्हणजे घटना घडायच्या आधीच तिच्या स्मरणाचा नेम ठरला. पुढं तुमची मुलं विचारतील, हे काय करता म्हणून, तेव्हा त्यांना काय सांगायचं तेही ठरलं. मध्यरात्री मिसरमध्ये आकांत झाला. फारोनं रातोरात मोशेला बोलावून जायला सांगितलं. मळलेली कणीक आंबायलाही सवड मिळाली नाही. काथवटी कापडात गुंडाळून खांद्यावर टाकून ते लोक निघाले.

ही घटना इतिहासात नेमकी अशीच घडली याचा पुरावा मिसरच्या कोरीव लेखांत मिळालेला नाही. इस्रायल हे नाव असलेला तिथला सर्वांत जुना लेख फारो मेरनेप्ताहच्या काळातला, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या अखेरीचा, आणि त्यात निर्गमनाचा उल्लेख नाही. पण ज्यांनी ही रात्र पाळली त्यांनी शिलालेख पाहून पाळली नव्हती. कोकणातल्या मंडळींकडे तर शिलालेख सोडाच, ग्रंथही नव्हता.

शनिवार तेली

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला पुरलं, आणि वाचलेले आसपासच्या गावांत पांगले. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा हळूहळू विसरली, मराठी हीच मायबोली झाली. आडनावं गावांवरून पडली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी यांचा घाणा बंद! म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

शनिवारी काम का नाही, हे गावकऱ्यांना कळत नव्हतंच, खुद्द तेल्यांनाही धड सांगता येत नव्हतं. त्यांच्यापाशी उरलं होतं एवढंच. शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर नसलेली मासळी न खाणं, आणि ‘शेमा’ ही एकच हिब्रू प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मयत असो, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणायची. दुसरी येतच नव्हती.

सण उरले होते, पण त्यांची नावं मराठी झाली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. दारफाळणी म्हणजे दारं बंद करून दिवसभर उपास करण्याचा दिवस, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा योम किप्पूर. बिरड्याचा सण हा यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा दुखवटा. तो कसला दुखवटा हे विसरून गेलं होतं, कडव्या वालाचं बिरडं तेवढं राहिलं होतं.

पेसाहचं नाव होतं ‘अनाशी ढाकायचा सण’. ढाकणं म्हणजे झाकणं. अनास हे एका आंबट कालवणाचं नाव. ते घरात भांड्यात भरलेलं असे आणि रोजच्या जेवणात तोंडी लावायला घेतलं जाई. वसंतात ठराविक दिवस आले की त्या भांड्याचं तोंड बंद करायचं आणि आठ दिवस त्याला हात लावायचा नाही. आंबलेलं काही खायचं नाही ही मिसरमधली आज्ञा, ती एवढ्या रूपात शिल्लक राहिली होती. मोशे नाही, फारो नाही, कोकरू नाही, तांबडा समुद्र नाही. नुसतं एक झाकलेलं भांडं.

बेने इस्रायल समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे सगळं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं. त्यांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, पण तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं, आणि तेही तेल अवीवमध्ये.

इथं एक प्रश्न उभा राहतो. कारण ठाऊक नसताना पाळलेल्या नेमाला श्रद्धा म्हणायचं की नुसती सवय? मराठी घरांना हा प्रश्न अनोळखी नाही. नवी सून विचारते, आपल्याकडे या दिवशी तवा का ठेवत नाहीत? सासूबाई म्हणतात, नाही ठेवत बाई, आपला कुळाचार आहे. विषय संपला. शिकलेली मंडळी अशा उत्तराला हसतात. पण कोकणातल्या त्या तेलिणीला जर कुणी ठणकावलं असतं की कारण सांग नाहीतर भांडं उघड, आणि तिनं ते उघडलं असतं, तर पुढं कारण सांगायला आलेल्या माणसाला तिथं ज्यू म्हणून ओळखायला काही उरलंच नसतं.

मासळीची परीक्षा

तो माणूस आला. डेव्हिड रहाबी त्याचं नाव. तो कधी आला याबद्दल मतभेद आहेत. समाजाची परंपरा त्याला कित्येक शतकं मागं नेते, तर अनेक अभ्यासक त्याचं नातं अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. शनिवारी काम न करणारे हे तेली कोण, याचा त्याला संशय आला. म्हणून त्यानं बायकांपुढं तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवले आणि पर नसलेली मासळी मुकाट्यानं बाजूला काढली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. बायकांच्या चुलीनं जे राखलं होतं, त्यावरून एका समाजाची ओळख पटली! मग त्यानं झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले. त्यांना काजी म्हणू लागले.

गोष्ट मात्र लोकांपर्यंत पोचायला एकोणिसावं शतक यावं लागलं. ती पोचवली कुणी? कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी, आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही. अमेरिकन मिशननं आणि पुढं स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत आणि कोकणात शाळा काढल्या, बायबल मराठीत वाचायला दिलं. विल्सनसाहेबांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू उघड होता, ही मंडळी ख्रिस्ती व्हावीत. ती झाली नाहीत, अगदी थोडे अपवाद सोडले तर. त्यांनी व्याकरण घेतलं, गोष्टी घेतल्या आणि ती आपापल्या घरी गेली. आपण भांडं का झाकतो ते मराठीत छापलेलं त्यांना पहिल्यांदाच वाचायला मिळत होतं.

पेसाहच्या रात्री घरात जी पोथी वाचतात तिला हग्गादा म्हणतात. तिचं मराठी भाषांतर मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघालं. दुसरं पुण्यात १८७४ साली, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. पुण्याच्या त्या छापखान्यात हिब्रू आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी जुळवला जात होता! या पोथीत चित्रं आहेत. बेखमीर भाकर, म्हणजे मत्सा, कशी करायची ते चित्रांतून दाखवलं आहे, आणि ती करणाऱ्या बायका आहेत लुगडी नेसलेल्या. युरोपातल्या हग्गादांतली चित्रं समोर ठेवून ती काढली असावीत, पण चित्रकारानं माणसं आपल्याकडची बसवली.

चुना, कल्हई आणि खजूर

पेसाह आला की बेने इस्रायल घरात चुन्याचा वास सुटायचा. भिंतींना सफेदी, तांब्यापितळेच्या भांड्यांना नवी कल्हई. आंबलेल्या अन्नाचा कणसुद्धा घरात राहता कामा नये, म्हणून कोपरान्‌कोपरा झाडायचा. या आठ दिवसांची भांडी निराळी, एरवी ती माळ्यावर बांधून ठेवलेली असत. दिवाळीची साफसफाई करणाऱ्या गृहिणीला ही धांदल वेगळी समजावून सांगायला नको.

मत्सा हा मोठा कडक प्रकार आहे. पिठाला पाणी लागल्यापासून ती भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये, नाहीतर पीठ आंबायला लागलं असं धरतात. जोडीला कडू भाजी, आणि खजुराचा शिरा. हा शिरा रव्याचा नव्हे. खजूर भिजवायचा, शिजवायचा, फडक्यातून पिळून रस काढायचा आणि तो मधासारखा दाट होईपर्यंत आटवायचा. गुलामीत विटांसाठी मळलेल्या गाऱ्याची ती आठवण. गारा म्हणून इतकं गोड काही खायला घालणारा सण दुसरा नसेल! विधीला चार पेले द्राक्षरस लागतो. तो न मिळाल्यानं इथं मनुका भिजवून त्यांचं सरबत करण्याची चाल पडली.

आणि दाराची खूण? ती अनेक घरांत टिकून राहिली. बकरं कापल्यावर त्याच्या रक्तात तळहात बुडवून त्याचा पंजा कागदावर उमटवायचा आणि तो कागद दाराच्या चौकटीवर लावायचा. लग्नघरातल्या भिंतीवर हळदीकुंकवाचे हात उमटवणाऱ्या मुलखात हा पंजा कुणाला खटकला नसणार. ‘निर्गम’मध्ये म्हटलंय की ती खूण लोकांसाठी होती. देवाला घर ओळखायला खुणेची गरज काय म्हणा!

रात्रीच्या जेवणापूर्वी घरातलं सर्वांत धाकटं मूल चार प्रश्न विचारतं. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, हा त्यांचा रोख. मग वडीलधारी माणसं सगळी हकीकत सांगतात. दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला एक एक थेंब बाहेर टाकतात. आपल्या सुटकेसाठी दुसऱ्यांची मुलं मेली, तेव्हा आपला पेला काठोकाठ भरलेला नको, असा त्याचा अर्थ लावतात. सणाच्या आदल्या दिवशी घरातला थोरला मुलगा उपास करतो. मिसरच्या त्या थोरल्या मुलांचं मरण या सणाला सतत बोचत राहिलेलं आहे. ती बोच नसती, तर ही गोष्ट लहान मुलांना सांगणं कठीणच होतं.

पुरावा द्या!

१९४८ साली भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. त्याच वर्षी इस्रायल देश स्थापन झाला आणि हळूहळू मोठ्या संख्येनं ही मंडळी तिकडं निघाली. इथं त्यांना कुणी फारो छळत नव्हता. ती गेली पूर्वजांच्या भूमीच्या ओढीनं आणि बऱ्या भवितव्याच्या आशेनं.

तिथं एक वेगळंच संकट वाट पाहत होतं. १९६२ साली तिथल्या वरिष्ठ धर्मगुरूंनी सूचना काढली, की बेने इस्रायल वर किंवा वधूचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं असेल तर आधी कित्येक पिढ्यांपर्यंत त्यांच्या कुळाची चौकशी करावी. शंका अशी, की इतकी शतकं शास्त्र ठाऊक नसताना यांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्रोक्त झाले असतील कशावरून? शास्त्र ठाऊक नसतानाही ज्यांनी नेम सोडला नाही, त्यांनाच आता शास्त्राचा दाखला मागितला जात होता. मंडळी चवताळली. मोर्चे निघाले, यरुशलेममध्ये धरणी धरली गेली, मुलाबाळांसह बायका रस्त्यावर बसल्या. १९६४ साली पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं आणि तिथल्या संसदेनं बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत असं ठामपणे सांगितलं, आणि धर्मगुरूंना आपल्या सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं.

शेवटी पुरावा म्हणून सांगण्यासारखं होतं तरी काय? शनिवारी बंद असलेला घाणा, बाजूला काढलेली मासळी, आणि आठ दिवस झाकलेलं भांडं.

आज महाराष्ट्रात ही मंडळी मोजकीच उरली आहेत. राज्य सरकारनं २०१६च्या जूनमध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ, पुण्याच्या रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो, मुंबईत मशीद बंदरजवळचं १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं शाआर हारहमीम, ही सिनेगॉग उभी आहेत. भाविक थोडे झाल्यानं प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष जमवणं काही ठिकाणी जिकिरीचं होतं. दिल्लीला हुमायून रोडवर तर पूर्वीपासूनच माणसं कमी. तिथं पुरुषांच्या बरोबरीनं स्त्रियांनाही मोजण्याची पद्धत मलेकरांनी ठेवली. कर्मठांना ती पटत नाही. पण पेसाहच्या रात्री पोथी उघडायची तर समोर ऐकायला माणसं हवीत, आणि प्रश्न विचारायला एक तरी मूल हवं.